आधी कान बघू

जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवणारा पोरगा डाव्या कानात कापूस कोंबून बसला होता. कार्यक्रम संपल्यावर विचारलं तर म्हणाला, ‘‘त्या बाजूला स्पीकरची थप्पी असते. घरी गेल्यावर रात्रभर किर्रर्र वाजत राहतं.’’ राहुरीकडचा हा मुलगा. लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम, चैत्रात गावोगावच्या जत्रा, गणपतीत मिरवणुका. मोठ्या शहरांतले कलाकार घालतात तसे, स्वतःच्या कानाच्या मापाचे इनइअर, म्हणजे कानात बसणारे छोटे स्पीकर, करायचे म्हणून पैसे साठवत होता. माप द्यायला नगरला निघाला तेव्हा मीही बरोबर गेलो.

माप घेतलं जातं ते वाद्यांच्या दुकानात नाही, श्रवणयंत्रांच्या दवाखान्यात. सावेडीतल्या त्या छोट्या जागेत बाकावर बसलेले सगळे साठीच्या पुढचे. एका आजींचं यंत्र मधूनच शिट्टी मारत होतं. आमच्या पठ्ठ्याने आत जाताच मोबाइल पुढे केला. ‘‘मॅडम, सहा ड्रायव्हरचा घेऊ की आठचा?’’ ड्रायव्हर म्हणजे इनइअरमधले आवाज काढणारे बारीक भाग.

‘‘आधी कान बघू,’’ ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या.

दुर्बिणीने मळ तपासला, काढला. मग बंद खोलीत बसवून ऐकण्याची चाचणी. आलेख हातात आला तेव्हा उजव्या कानाची रेघ बरी होती. डाव्याची 4000 हर्ट्झपाशी खाली गेली होती. सततच्या मोठ्या आवाजाने कान बिघडायला लागला की पहिली खूण बहुधा याच पट्ट्यात उमटते. बोलणं नीट ऐकू येत असतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही.

‘‘100 डेसिबलला 15 मिनिटं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘दिवसाची.’’

हिशेब असा: 85 डेसिबलला आठ तास चालतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 100 ला पाव तास उरतो. ‘‘तुमचा कार्यक्रम किती वेळ चालतो?’’ तो माझ्याकडे बघून हसला. ‘‘चार-साडेचार तास.’’

मग खरं काम सुरू झालं. दोरा बांधलेला स्पंजचा बारीक बोळा कानाच्या नळीत, दुसऱ्या वळणाच्याही पुढे सरकवला. पडद्यापर्यंत काही जाऊ नये म्हणून हा बंधारा. दोन डब्यांतला सिलिकॉनचा लगदा सारख्या मापाने घेऊन मॅडमनी बोटांनी मळला, तोही उघड्या हातांनी. लॅटेक्सचे हातमोजे घातले तर हा लगदा आवळतच नाही, असं त्या म्हणाल्या. मोठ्या पिचकारीत भरून कानात सोडला. नळी भरली, बाहेरची पाळीही भरली. दातांत एक ठोकळा दिला होता. ‘‘कोरस गातोस ना? मग तोंड उघडं ठेवूनच माप घ्यायचं.’’ जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाचं माप घेतलं तर गाताना फट पडते आणि बास गायब होतो.

लगदा आवळेपर्यंतच्या पाच मिनिटांत त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मांडीवर बोटं मात्र ठेका धरून चालली होती.

दोन्ही कानांचे साचे फिरवत अलगद बाहेर निघाले. मॅडमनी ते उजेडात धरले, दोन्ही वळणं स्पष्ट उठलीत का ते पाहिलं, आणि डाव्या कानाचा बाजूला टाकून दिला. टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला होता. पुन्हा लगदा, पुन्हा ठोकळा. पोराला ही कटकट वाटली. मला तेव्हाच त्या बाईंवर विश्वास बसला. हा साचा कुरियरने जातो, त्याचं स्कॅनिंग होतं आणि त्यावरून रेझिनचं कवच छापून त्यात ड्रायव्हर बसवतात. मूळ साच्यात राहिलेली फट आत कितीही भारी ड्रायव्हर घातले तरी भरून निघत नाही.

सहा की आठ, हा प्रश्न त्याने परत काढलाच. या महागड्या जोड्यांत जे बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असतात, ते श्रवणयंत्रांतूनच आले आहेत. बाहेर बाकावरच्या आजींच्या कानातही त्याच जातीचा एक असणार. 1995 मध्ये साउंड इंजिनिअर जेरी हार्वेने अॅलेक्स व्हॅन हेलन या ड्रमरसाठी अशी जोडी बनवली, तीही ड्रमरचा कान वाचावा म्हणूनच. आता मात्र ड्रायव्हरचा आकडा मिरवायची गोष्ट झाली आहे आणि किमती लाखाच्या घरात गेल्या आहेत. जत्रेतल्या ऑक्टापॅडवाल्याला दोन-तीन ड्रायव्हर पुरतात, हे माझं मत; मॅडमही तेच म्हणाल्या. उरलेले पैसे चांगल्या वायरवर आणि मिक्सरच्या ‘ऑक्स’ या वेगळ्या वाटेने स्वतंत्र आवाज घेण्याच्या सोयीवर घालावेत.

जोडी आल्यावर तो पुन्हा गेला. मॅडमनी बासचं गाणं लावून त्याला जबडा हलवायला, मान वळवायला, गायला लावलं. उजवा पक्का बसला. डाव्यात तोंड उघडताच बास पातळ होत होता, म्हणून तो दुरुस्तीला परत पाठवला. तोवर एकच घालतो, असं तो म्हणाला तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. एक कान उघडा ठेवला की दुसऱ्यातला आवाज माणूस वाढवतच जातो. घालायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. आणि नीट बसलेली जोडी बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलने अडवते, पण आतला आवाज तेवढाच चढवला तर हिशेब पुन्हा तोच: 15 मिनिटं.

वाजवणाऱ्यांनो, जोडी पुढच्या हंगामात घेतली तरी चालेल. ऐकण्याची चाचणी मात्र याच हंगामाच्या आधी करून घ्या. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.