घाटातला जुना ट्रक आणि धुराची उष्णता

मोलेची तपासणी चौकी मागे टाकून अनमोडचा घाट चढू लागलेला जुना ट्रक ज्यांनी पाहिला आहे, त्यांस त्याच्या धापा टाकण्याचे वर्णन करून सांगावयास नको. काळ्या धुराचा लोट मागे सोडीत, मागच्या मोटारींचे शिव्याशाप झेलीत तो वळणामागून वळण चढत असतो. चालकाची नजर मधूनमधून समोरच्या फळीवरील पाण्याच्या उष्णतेच्या काट्याकडे जाते. काटा हिरव्या पट्ट्यात आहे, तेव्हा सारे ठीक आहे, असे तो समजतो. नेमका येथेच घात होतो.

इंजिनाभोवती फिरणारे पाणी तापावयास वेळ घेते. ते तापू नये म्हणून तर रेडिएटर व थर्मोस्टॅट यांची योजना केलेली असते. परंतु पिस्टनच्या माथ्यावर जे जळते, त्याची उष्णता काही सेकंदांत चढते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा; शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि मिश्रधातू त्याच्याही आधी. तेल व पाणी त्याची उष्णता सतत ओढून नेत असतात म्हणूनच तो तगतो. चढ लांबला, डिझेल अधिक आणि हवा कमी पडू लागली, की हा तोल ढळतो. पिस्टनला भोक पडते, हेडला तडा जातो, आणि पाण्याचा काटा मात्र शेवटपर्यंत निर्धास्त असतो. आमच्या परिचयाच्या एका ट्रकमालकाचे इंजिन असेच घाटाच्या माथ्याजवळ बसले. त्याच्या दुरुस्तीत जे गेले त्यात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पुंजीही गेली.

धुराची उष्णता मोजणारा मापक हा त्यावरील साधा उपाय होय. त्यामागील शास्त्र जुनेच आहे. दोन भिन्न धातूंचा सांधा तापविला असता विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे सीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ साली दाखवून दिले. क्रोमेल आणि अल्युमेल या मिश्रधातूंच्या दोन तारांचा सांधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवावयाचा आणि त्या तारा चालकापुढील काट्यापर्यंत आणावयाच्या, एवढीच ही करणी.

आमच्या गोव्यात हा प्रश्न आज विशेष निकडीचा आहे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे येथील अंगणांत कित्येक टिपर वर्षानुवर्षे पाऊस खात उभे राहिले. असा उभा ट्रक पुन्हा रस्त्यावर आणावयाचा तर टर्बोच्या रबरी नळ्यांना भेगा गेलेल्या, नोझल अडकलेली, आणि हवेच्या फिल्टरात तांबड्या धुळीचा थर बसलेला. यांतील प्रत्येक दोष धुराची उष्णता वाढवितो. त्यातच डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून गाडीची ओढ वाढवून देणारे मिस्त्री गावोगाव आहेत. पेट्रोलच्या इंजिनात इंधन कमी पडले की उष्णता वाढते. डिझेलचे उलट आहे, येथे इंधन वाढले की आग वाढते. ही गोष्ट ज्या मिस्त्रीला ठाऊक नाही, त्याच्या हाती पंप देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मापक बसविताना घाई नडते. सांधा टर्बोच्या आधी बसवावा. टर्बोच्या पुढे बसविल्यास भार असताना आकडा शंभर-दीडशे अंशांनी, कधी त्याहूनही अधिक, कमी दिसतो आणि खोटा धीर मिळतो. सर्व सिलिंडरांचा धूर जेथे एकत्र येतो ती जागा निवडावी. मॅनिफोल्ड उतरवूनच भोक पाडावे आणि आटे पाडावेत, हे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर ड्रिलला व टॅपला भरपूर ग्रीस लावावे आणि आतील चुरा लोहचुंबकाने वेचून काढावा. मॅनिफोल्ड बिडाचा असल्याने चुरा चुंबकाला धरतो. त्यातील एक कण टर्बोच्या पात्यांत गेला, तर वाचविलेले पैसे दामदुपटीने बाहेर पडतात. सांध्याचे टोक वाहत्या धुराच्या मध्याशी यावे, भिंतीला टेकू नये.

तारेची गोष्ट निराळी सांगावी लागते. तार आखूड पडली म्हणून साधी तांब्याची तार जोडणे हा आमच्याकडील वीजकामगारांचा हातखंडा. येथे तो चालत नाही. जोडाची आणि काट्याची उष्णता भिन्न असल्याने आकडा चुकतो. त्याच जातीची तार हवी. अमेरिकन पद्धतीच्या तारेत तांबडी बाजू ऋण असते, हेही ध्यानी ठेवावे. तांबडी म्हणजे धन, या सवयीने जोडले तर इंजिन तापू लागताच काटा उलटा फिरतो. दिव्यासाठी वीज देताना ट्रकची बॅटरी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची, हे पाहणे ओघाने आलेच.

टर्बोच्या आधीचा आकडा लांब चढावर ७०० अंशांच्या खाली राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो तिकडे सरकू लागला की पाय सैल सोडावा आणि एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचे फेरे वाढतात, हवा अधिक मिळते, काटा उतरतो. जुने चालक म्हणतील की आमचा कान आणि आमचा धूर पुरेसा आहे. त्यांच्या कानाचा आम्हांस आदर आहे. तथापि काळा धूर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, आणि रात्रीच्या घाटात धूर दिसत नाही. खेपांच्या हिशेबावर जेथे चालकाची कमाई ठरते, तेथे मालकाने मापक बसवून दिला पण सावकाश चढण्याची मुभा दिली नाही, तर त्या काट्याचा उपयोग केवळ शोभेपुरता.

मापक बसल्यावर पहिल्याच खेपेत एक ओळखीचा चढ निवडावा; भार किती, गिअर कोणता, आकडा किती, हे चालकाने डायरीत लिहून ठेवावे. चार महिन्यांनी त्याच चढावर, त्याच भाराने आकडा पन्नास अंशांनी वर गेलेला दिसला, तर प्रथम हवेचा फिल्टर उघडावा. आमच्याकडे बहुतेक वेळा तांबडी धूळ तेथेच सापडते.