ग्नुटेला जाळ्यातील पृच्छाप्रसार

ग्नुटेला हे संगणकांचे विकेंद्रित, म्हणजेच मध्यवर्ती सर्व्हर नसलेले, पिअर-टू-पिअर जाळे होय. कोणत्या संगणकावर कोणती फाइल आहे याची एकत्रित सूची या जाळ्यात कोठेही नसते. त्यामुळे फाइल शोधणारा संगणक आपली पृच्छा शेजारच्या संगणकांना पाठवतो आणि ते ती आपापल्या शेजाऱ्यांकडे पुढे धाडतात. या पद्धतीला 'क्वेरी फ्लडिंग', म्हणजे पृच्छांचा पूर, असे म्हणतात. येथे 'शेजारी' म्हणजे इंटरनेटवरून ज्याच्याशी थेट जोडणी आहे असा संगणक. तो दुसऱ्या खंडातही असू शकतो.

पार्श्वभूमी

१९९९ साली सुरू झालेल्या नॅपस्टर या सेवेत फायली वापरकर्त्यांच्या संगणकांवर असत, पण त्यांची सूची कंपनीच्या सर्व्हरवर असे. न्यायालयीन लढ्यानंतर जुलै २००१ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि सेवाही थांबली. ग्नुटेलाची पहिली आज्ञावली नलसॉफ्ट या अमेरिकी कंपनीतील जस्टिन फ्रँकेल व टॉम पेपर यांनी मार्च २००० मध्ये प्रसिद्ध केली. एओएल या मालक कंपनीने ती लगेच मागे घ्यायला लावली. परंतु तोवर ती अनेकांच्या हाती पोहोचली होती. इतर प्रोग्रामरांनी तिच्या संदेशांचे नियम ओळखून स्वतःच्या आज्ञावली लिहिल्या.

पृच्छेचा प्रवास

प्रत्येक पृच्छेसोबत १६ बाइटांचा ओळखक्रमांक आणि एक आयुर्मर्यादा असते. ही मर्यादा सुरुवातीस सामान्यतः ७ ठेवली जाई. प्रत्येक टप्प्यावर ती एकाने घटते व शून्य झाल्यावर पृच्छा पुढे जात नाही. तोच ओळखक्रमांक पुन्हा आल्यास संगणक ती पृच्छा टाकून देतो. त्यामुळे ती जाळ्यात गोल फिरत राहत नाही. पृच्छा कोणत्या शेजाऱ्याकडून आली याची नोंद प्रत्येक संगणक ठेवतो. जुळणारी फाइल सापडल्यास उत्तर त्याच वाटेने मागे परतते. फाइल मात्र या साखळीतून न येता दोन संगणकांमधील थेट जोडणीने उतरवली जाते.

मर्यादा

प्रत्येक संगणकाला ४ शेजारी आहेत असे मानल्यास पृच्छा पहिल्या टप्प्यात ४, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात ३६ संगणकांपर्यंत जाते. सात टप्प्यांत ही बेरीज जास्तीत जास्त ४,३७२ होते. प्रत्यक्षात शेजारी सामाईक असल्याने ती कमी भरते आणि पुनरावृत्त संदेशांमुळे जाळ्याची क्षमता वाया जाते. मर्यादेपलीकडील संगणकावर फाइल असूनही ती सापडत नाही. म्हणून 'सापडली नाही' याचा अर्थ 'जाळ्यात नाही' असा होत नाही. मर्यादा एकाने वाढवली, तर वरील उदाहरणात संदेश सुमारे तिपटीने वाढतात. टेलिफोन-मोडेमवरील मंद जोडण्यांना हा भार पेलत नसे.

सुधारणा

पुढील आवृत्त्यांत अधिक क्षमतेचे संगणक 'अल्ट्रापिअर' ठरवले गेले. साधे संगणक त्यांना जोडलेले असतात व आपल्या फायलींतील शब्दांचा संक्षिप्त तक्ता त्यांच्याकडे देतात. त्यामुळे निरुपयोगी पृच्छा साध्या संगणकांपर्यंत पोहोचत नाहीत.

२००१ मधील कॉर्ड आणि २००२ मधील कॅडेम्लिया या रचनांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांत माहितीचे स्थान गणिताने ठरते व थोड्याच टप्प्यांत ते गाठता येते. मात्र त्यासाठी नेमकी किल्ली ठाऊक असावी लागते. अर्धवट आठवणाऱ्या नावावरून शोध घेण्याची मुभा पृच्छांच्या पुरात सहज मिळते. तिची किंमत संपूर्ण जाळे संदेशांच्या भाराने चुकवते.