दोन हृदयांची बाई

ग्लासगोजवळच्या रेन्फ्रू गावात बॉयलर बनवणारा एक कारखाना होता. २१ जुलै १९५५ रोजी त्याच्या दाराशी दोन मोटारी थांबल्या. डिकीत होत्या बायकांच्या पोटातून शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी, आणि त्या घेऊन आले होते ग्लासगो विद्यापीठातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड. पोलादाच्या पोटातली चीर न कापता हुडकणारं यंत्र त्या कारखान्यात होतं. ते प्रतिध्वनीवर चालायचं. पोलादातली चीर कळते, तर मांसातली गाठ का कळू नये? तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडाही आणून ठेवला होता. यंत्र लावलं आणि फरक उमटला. पाण्याच्या गाठीचा प्रतिध्वनी वेगळा, भरीव गाठीचा वेगळा!

आपल्या कानांना सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. याच तत्त्वावर चालणाऱ्या सोनोग्राफीचा आवाज लाखो कंपनांचा. शरीरात तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने धावतो आणि जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो, तिथून थोडा मागे फिरतो. त्याला परतायला किती वेळ लागला, यावरून तो थर किती खोल आहे ते कळतं. मध्ये हवा आली की सगळं बिघडतं, म्हणून पोटावर तो गारेगार जेल. डोनाल्ड ऑलिव्हचं तेल चोपडत. ‘भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका’ ही आपल्याकडच्या कित्येक बायकांना पाठ झालेली सूचनाही त्यांच्याच शोधातून आली. भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि गर्भाशयाकडे बघायला पाण्याची खिडकी उघडून देतं.

त्या खिडकीतून सहाव्या आठवड्याच्या सुमारास एक लुकलुक दिसते. हृदयाचे चार कप्पे अजून पुरते घडलेले नसतात, वाकत चाललेली एक नळी असते फक्त, पण ती आकुंचन पावते, पुन्हा पुन्हा, कुणी न सांगता. कितीही वेळा वाचलं तरी मला याचं नवल वाटतं.

डोनाल्ड श्रद्धाळू ख्रिश्चन होते. ती हालचाल त्यांच्या मनात इतकी खोल रुतली, की गर्भपातासाठी आलेल्या बायकांना ते पडद्यावरचं हलतं बाळ दाखवत, त्यांनी विचार बदलावा म्हणून. ब्रिटनमध्ये गर्भपाताला मुभा देणारा १९६७ चा कायदा येऊ घातला, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला.

त्याच स्कॉटलंडमध्ये, अ‍ॅबर्डीनला, डुगाल्ड बेअर्ड होते. तेही प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. गर्भ कसा वाढतो, हे त्यांनाही डोनाल्डांइतकंच ठाऊक होतं. पण तरुणपणी ग्लासगोच्या गरीब वस्त्यांत त्यांनी बाळंतपणामागून बाळंतपणाने झिजून गेलेल्या बायका पाहिल्या होत्या. कायद्याच्या कितीतरी आधीपासून ते गरजू बायकांचे गर्भपात करत होते. १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं, की माणसाला आणखी एक स्वातंत्र्य हवं : न थांबणाऱ्या गर्भारपणाच्या जुलमापासून सुटका.

विज्ञान एकच, माणसं दोन्ही सच्ची, निष्कर्ष मात्र उलटे. माणूसपण कधी सुरू होतं, याची रेघ यंत्र आखून देत नाही. धर्मांनी ती आखून पाहिली. कॅथलिक चर्च गर्भधारणेपासून धरतं, ज्यूंचा तालमूद पहिल्या ४० दिवसांच्या गर्भाला पाण्यासारखं मानतो, अनेक इस्लामी धर्मशास्त्री १२० दिवसांनी आत्मा येतो म्हणतात. माझा कल बेअर्डांकडे आहे. डोनाल्डांना दिसलं ते खोटं होतं म्हणून नव्हे. सोनोग्राफीच्या चित्राकडे एकदा नीट बघा. काळ्या पोकळीत तरंगणारं बाळ दिसतं. ती पोकळी म्हणजे एक बाई आहे, आणि तिचा चेहरा चित्राबाहेर राहिला आहे.

आपल्याकडे तर या खिडकीतून आणखी वाईट घडलं. मुलगी दिसली की गर्भ पाडायचा. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. गर्भपाताचा १९७१ चा कायदा बाईला वाचवायला आला होता. तिच्यावर गर्भ पाडण्याची सक्ती झाली, तिथेही तिला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून मला ‘डोहाळे’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. त्याचं मूळ ‘दौहृद’ या संस्कृत शब्दाशी जोडलं जातं. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, त्यामुळे ती बाई दोन हृदयांची होते, असं सुश्रुतसंहिता सांगते. आणि तिची इच्छा मारू नका, असंही बजावते. चिंच-आवळा मागणाऱ्या बाईच्या शब्दात दोन्ही हृदयं मोजलेली आहेत.

प्रसूतिगृहात बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र पोटावर ठेवतात. घोडा दौडावा तसा आवाज येतो, मिनिटाला ११० ते १६०. पण कधी कधी यंत्र आईच्याच रक्तवाहिनीचे ठोके पकडतं आणि फसगत होते. म्हणून जाणती परिचारिका एका हाताने यंत्र धरते आणि दुसऱ्या हाताची बोटं बाईच्या मनगटावर ठेवते. आधी तिची नाडी मोजते.