गाडी तीच, दिल दुसरं!

"ताई, अण्णांना सांगू नकोस, पण मी एस्टीमचं इंजिन काढतोय."

रविवारी सकाळी साडेसातला असा फोन आल्यावर झोप राहील का? फोन होता माझ्या मामेभावाचा. वय वर्षं 26, नोकरी हिंजवडीत, पण घरून काम करायची सोय झाल्यापासून अर्धा महिना मुक्काम पोस्ट जामखेड. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या मामांची. 1996 ची मारुती एस्टीम, एमएच-16 पासिंग, पांढरी. भुसार मालाच्या आडतीवर पैसे साठवून मामांनी घेतलेली ही पहिली आणि शेवटची चारचाकी. आमच्या घरातली दोन लग्नं, एक बाळंतपण आणि माझं पुण्यातलं हॉस्टेल, सगळ्यांचं सामान हिनंच वाहिलंय.

"काढतोय म्हणजे? बंद पडली?"

"नाही गं. बलेनोचं 1.6 टाकायचंय. काय पिकअप येईल, विचारूच नको! फक्त ते आरटीओचं काय असतं ते तू बघ ना. तू पत्रकार आहेस."

बलेनो म्हणजे तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार-चार उभ्या असतात ती हॅचबॅक नव्हे बरं का. 1999 साली मारुतीनं आणलेली सेडान. ज्यांनी ती चालवलीय त्यांचे डोळे आजही तिच्या नावानं चमकतात. आणि एस्टीमला हसणाऱ्यांसाठी एक आठवण: नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या रॅलींमध्ये याच गाड्या धूळ उडवत पळायच्या. हलकी बॉडी आणि मोकळेपणानं फिरणारं इंजिन. त्या पिढीची ती परफॉर्मन्स कारच होती, बॉस!

मी बॅग भरली. (गाड्यांवर लिहायला मिळत असेल तर फ्रीलान्सरनं नाही म्हणू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.) पुण्याहून नगर, तिथून चिचोंडी पाटील, कडा, आष्टी करत जामखेड. या रस्त्याची गंमत अशी, की नगर जिल्ह्यातून निघून बीड जिल्ह्यात शिरायचं आणि पुन्हा नगर जिल्ह्यातच उतरायचं. जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालंय, अहिल्याबाईंचं चौंडी जामखेड तालुक्यातच आहे. पण आमच्या घरात बोलताना अजून नगरच.

गॅरेज बीड रोडवर. मला वाटलं होतं, पोचेपर्यंत इंजिन चेनकप्पीला लटकत असेल. कसलं काय! एस्टीम जशीच्या तशी उभी, बॉनेट उघडं, आणि मिस्त्रींच्या हातात पान्याऐवजी शाळेची दोनशेपानी वही.

"ताई, इंजिन उतरवायला मला अर्धा दिवस पुरतो," मिस्त्री म्हणाले. "या वहीला दोन महिने लागलेत. आणि तुमचे बंधू म्हणतात, पुढच्या रविवारी चालू करू!"

वहीच्या पहिल्या पानावर आकडे. आत्ताचं इंजिन 1298 सीसी, कार्बोरेटरचं, ताकद सुमारे 65 बीएचपी. बलेनोचं 1590 सीसी, फ्युएल इंजेक्शनचं, सुमारे 94 बीएचपी. दोन्ही सुझुकीच्या 'जी' घराण्यातली, म्हणजे सख्खी नाही तरी चुलत भावंडं. बोअर 74 मिलिमीटरचा फक्त 75 झालाय. खरी वाढ आहे स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली जितकं पळतो त्या अंतरात. 75.5 मिलिमीटरचं ते झालंय 90. पिस्टन जवळपास दीड सेंटिमीटर जास्त पळणार म्हटल्यावर ब्लॉकही उंच हवा. आणि बॉनेट? ते 1996 पासून आहे तिथंच आहे.

मग जागा किती आहे ते मोजायचं कसं? बॉनेट बंद केल्याशिवाय अंतर कळत नाही आणि बंद केलं की पट्टी आत घालता येत नाही. मिस्त्रींनी भावाला घरी पिटाळलं. तो परत आला कणकेचा गोळा घेऊन! मी चाट. गोळ्याच्या तीन लांबोड्या करून इंजिनवर ठेवल्या. भाऊ उत्साहानं एक कार्बोरेटरच्या डोक्यावर ठेवायला निघाला, तर मिस्त्री ओरडले, "अहो तो जाणारच आहे ना? हेडवर ठेवा, हेडवर!" वर प्लॅस्टिकचा कागद, मग बॉनेट अलगद बंद, पुन्हा उघडलं. कणीक जिथं चेपली तिथं जितकी जाड राहिली, तितकी जागा. पुढच्या बाजूला ती दीड बोटावर आली होती. मिस्त्रींनी पेन्सिलीनं लिहिलं: "बसेल. पण फाउंडेशन खाली घ्यावं लागेल."

फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते माउंटिंग. ते खाली घेतलं की इंजिन खाली येतं, पण मग ऑइल चेंबर रस्त्याच्या जवळ येतो. जामखेडच्या आतल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. शिवाय इंजिन खाली सरकलं की चाकांना फिरवणाऱ्या एक्सलचा कोन बदलतो. कोन जास्त झाला की सांधे खातात. म्हणजे एका बोटासाठी तीन पानं!

सगळ्यात जास्त पानं वायरिंगची होती. कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोल ओढायला इंजिनवरचा साधा पंप पुरतो. इंजेक्शनला दाबानं पेट्रोल लागतं, म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप आला, तो दाब सोसणारे पाइप आले. इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर आला, त्याला माहिती पुरवणारे सेन्सर आले. "लोक काय करतात," मिस्त्री सांगत होते, "नुसतं इंजिन आणतात. स्वस्त पडलं म्हणून खूश. मग वायरिंगचा जुडगा शोधत सहा महिने फिरतात. आणायचं तर सगळं एकाच गाडीतलं आणायचं. गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीएम, एक्सल, अगदी अॅक्सिलरेटरची केबलसुद्धा." मोठ्या इंजिनची उष्णता जास्त, म्हणून रेडिएटरही त्याच गाडीचा.

आणि ब्रेक. वहीत ब्रेकचं पान इंजिनच्या आधी होतं, तांबड्या शाईत. गाडी आधी ज्या वेगाला धापा टाकायची तो वेग आता सहज गाठणार, पण थांबवणारे ब्रेक तेच, 65 घोड्यांसाठी दिलेले. मिस्त्रींची अट साफ होती: आधी बलेनोचे ब्रेक बसवायचे, आहे त्या इंजिनवर महिनाभर गाडी चालवायची आणि मगच इंजिनला हात. भावाला ही अट पटलेली नव्हती हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

शेवटच्या पानावर बेरीज. इंजिन-गिअरबॉक्स 65,000. बाकी सगळं धरून 1 लाख 60 हजार. म्हणजे ज्याचं नाव घेऊन हा सगळा खटाटोप, त्या इंजिनचा वाटा खर्चाच्या निम्माही नाही!

तुम्ही म्हणाल, हे कसलं वेड? पण हे वेड कंपन्यांनाही होतं. खुद्द एस्टीम हाच एक इंजिन स्वॅप आहे. 1990 साली आलेली मारुती 1000 दिसायला झकास, पण 970 सीसीच्या इंजिनला ती ओढवायची नाही. 1994 मध्ये मारुतीनं त्याच बॉडीत 1.3 लिटरचं इंजिन बसवलं आणि नाव दिलं एस्टीम. कॉन्टेसाचीही तीच गोष्ट. बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, बोट म्हणावी इतकी लांब, आणि 1984 मध्ये तिच्यात घातलं होतं अँबेसिडरचं दीड लिटरचं इंजिन. पुढे इसुझूचं 1.8 आलं तेव्हा कुठं तिला तिच्या रुबाबाला शोभेल असा दम आला. आपल्या मुंबईत, कुर्ल्याला, प्रीमियरनं 1985 मध्ये 118 एनई काढली. बॉडी फियाट 124 ची, इंजिन निस्सानचं 1171 सीसी. इटलीचा अंगरखा, जपानचं काळीज, पत्ता कुर्ला! आणि उलटा प्रकार बघायचा असेल तर स्टँडर्ड 2000. इंग्लंडमध्ये जी रोव्हर साडेतीन लिटरच्या व्ही-8 इंजिनवर उडायची, तिच्यात मद्रासला जुनाट दोन लिटरचं इंजिन टाकलं. गाडी काही वर्षांतच संपली.

फरक एवढाच, की कंपनी ते करते तेव्हा कागदावर नवीन मॉडेल जन्माला येतं. माझ्या भावानं केलं की कागद जुनाच राहतो. आणि इथं माझं काम सुरू झालं.

रात्री गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसले. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. सरळ भाषेत सांगायचं तर, आरसी बुकातले तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकानं करायचा नाही. सीसी हा आरसीवरचा तपशील आहे. 1298 चे 1590 झाले की विषय संपला. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीत शिक्षाही आली: मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

"पण सीएनजी किट तर लोक बसवतात!" भाऊ.

बसवतात, कारण इंधन बदलायला कायद्यात वेगळी वाट आहे आणि ती किट तपासून मंजूर झालेली असतात. तपासणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय आहे आणि नगरची व्हीआरडीईसुद्धा, म्हणजे जामखेडपासून जेमतेम 75 किलोमीटरवर. हे ऐकून भावाचे डोळे क्षणभर लकाकले. पण ते सगळं गाडीचं मॉडेल किंवा किट बाजारात आणणाऱ्यांसाठी. एका एस्टीमसाठी तिथं जाणं म्हणजे एकट्यानं जेवायला मंगल कार्यालय बुक करणं.

"आपण सांगायचंच नाही मग. जामखेडात कोण बघतंय?"

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. बघतात. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी फेरनोंदणी असते, तेव्हा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही पडताळतात. आणि त्याआधी अपघात झाला तर? विमा कंपनीचा सर्व्हेअर बॉनेट उघडतो, तेव्हा न कळवलेलं इंजिन त्याला दिसतंच. क्लेम गेला असं समजायचं. समोरच्याला लागलं असेल तर पुढचं मी लिहीत नाही.

तेवढ्यात जिन्यावर मामा. मामींनी संध्याकाळीच सांगून टाकलं होतं, "पोरगं कणीक घेऊन गॅरेजला गेलंय." गुपित फुटलं ते असं!

मामा ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्ची ओढून बसले, वही मागितली. चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, आडतीची खातेवही वाचावी तशी. ब्रेकच्या पानावर थांबले, मान हलवली. मग मला विचारलं, "पोरी, ती सहा महिन्यांची शिक्षा कुणाला? चालवणाऱ्याला का मालकाला?"

"मालकाला, मामा."

"आरसी कुणाच्या नावावर आहे रे?"

भाऊ गप्प. खरं सांगते, हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. त्याच्या डोक्यात दोन महिने फक्त घोडे पळत होते.

मग मामाच म्हणाले, "मलाही सौताड्याच्या घाटात ती दमलेली बघवत नाही. पण कागदात बसेल असं काही आहे का ते बघा."

आहे, निदान बसण्याची शक्यता आहे असं एक. नंतरच्या एस्टीममध्ये मारुतीनं तेच 1298 सीसी ठेवून इंजेक्शन दिलं आणि ताकद गेली सुमारे 85 बीएचपीवर. गाडी तीच, कंपनी तीच, सीसी तेच. बलेनोपेक्षा फक्त 9 बीएचपी कमी, आणि स्ट्रोक वाढलेला नसल्यामुळे फाउंडेशन खाली घ्यायची भानगड बहुधा टळते. अर्थात हेही गुपचूप चालणार नाही. आरटीओची परवानगी आधी, इंजिन नंबरची आरसीवर नोंद नंतर, आणि परवानगी नाहीच मिळाली तर आहे त्या इंजिनला बोअर करून नवे पिस्टन. भावानं हे सगळं वहीत नव्या पानावर उतरवलं. अर्ज मामांच्या सहीनं जाणार, तो मी लिहून दिला.

सकाळी त्यानं मुंबईच्या त्या जुन्या पार्ट्सवाल्याला फोन लावला. बलेनोचं इंजिन नको, इंजेक्शनवाल्या एस्टीमचं बघा. मिळेल म्हणाला, दोन आहेत.

"बिल लागेल. आणि ज्या गाडीतून काढलंय तिचे कागद."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "कागद? भाई, इंजिन पाहिजे का कागद?"

"दोन्ही," भाऊ म्हणाला आणि मिस्त्रींच्या वहीत त्या दुकानाच्या नावावर काट मारली. ब्रेकचं सामान मात्र त्याच दुपारी नगरहून मागवलं.