तारेच्या टोकाला (भाग ९) : ईमेलचा सातबारा

मागच्या भागात फायबरची तार खांबावरून ऑफिसच्या भिंतीपर्यंत आणून सोडली होती. आता तिच्या या टोकाला काय बसवायचं ते पाहू.

नांदूरघाट, युसूफवडगाव, बनसारोळा अशा केज तालुक्यातल्या मोठ्या गावांत पाच-सात माणसांच्या ऑफिसचं आता कोणाला अप्रूप नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, पतसंस्था, दूध संकलन, खता-बियाण्यांची घाऊक विक्री. तिथं संगणक घ्यायचं ठरलं की केजहून किंवा बीडहून कोटेशन येतं आणि त्यात चौथी-पाचवी ओळ हमखास असते, ‘सर्व्हर – १ नग’. हा नग नेमकं काय करणार, हे विचारायला खरेदी समितीतलं कोणी धजत नाही. आपलंच अज्ञान उघडं पडायचं. विक्रेताही मोघम सांगून मोकळा होतो, ‘ईमेल, इंटरनेट, सगळं याच्यावरच चालतं.’

त्या ‘सगळं’मध्ये तीन वेगवेगळी कामं कोंबलेली असतात. टपालाची ने-आण, इंटरनेटच्या लाइनची वाटणी आणि ऑफिसच्या फायली एका जागी ठेवणं. एकच मशीन तिन्ही कामांना घ्यायचं, ही सवय जुन्या काळातली आहे.

समजा, नांदूरघाटला सोयाबीन-तूर खरेदी करणारी एक उत्पादक कंपनी आहे. माणसं सहा. तिथं मेल कशाला लागतो? लातूरच्या तेल गिरणीची ऑर्डर येते, ओलावा आणि डागीच्या टक्केवारीवरून घासाघीस चालते, बँकेचं स्टेटमेंट येतं, सीएचे निरोप येतात. पण खरा जीव अडकतो तो सरकारी पोर्टलांवर. जीएसटी, आयकर, कंपनी निबंधक या सगळीकडे नोंदवलेला एक ईमेल पत्ता असतो. ओटीपी तिथं, नोटिसा तिथं. नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर नोटीस बजावायची सोय तर जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्येच आहे. मग हंगामाच्या ऐन धांदलीत असं काही कानावर येतं :

‘अण्णा, जीएसटीला मेल कुणाचा दिलाय?’

‘आपल्या कॉम्प्युटरवाल्या पोराचा. पासवर्ड त्यालाच म्हाईत.’

‘मग बोलवा की त्याला.’

‘कुठला येतोय! दिवाळीपासून पुण्याला लागलाय. फोन बी उचलत नाय.’

इथं हजारो रुपयांचा सर्व्हर काय करणार? म्हणून मशीनच्या आधी पत्ता. ईमेल पत्त्यात ‘ॲट’च्या पुढं जे असतं, ते डोमेन म्हणजे जमीन समजा, टपाल सांभाळणारी कंपनी म्हणजे बटईनं लावलेला माणूस. बटईवाला पटला नाही तर पुढच्या साली बदलता येतो, पण सातबाऱ्यावर नाव आपलं असेल तरच. फुकटच्या जीमेल पत्त्यावर कंपनी चालवली तर जमीनही त्यांची आणि कसणारेही तेच.

डॉट इन डोमेनची नोंदणी निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली चालते. २००५ पासून ही नावं कोणालाही घेता येतात आणि वर्षाचा खर्च काही शे रुपयांचा असतो. गोम अशी, की वेबसाइट करून देणारा माणूस डोमेनही ‘मी बघतो’ म्हणून घेतो आणि नोंद स्वतःच्या नावानं, स्वतःच्या मेलवर करतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, पुष्कळदा निव्वळ आळस असतो. पुढं तो धंदा बदलतो, नूतनीकरणाची आठवण त्याच्याच मेलवर जात राहते आणि एके दिवशी कंपनीचं नाव हातचं जातं. नोंद कंपनीच्या नावानं, बिल कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर, आणि निदान पाच वर्षांचे पैसे एकदम भरलेले, एवढं पाहा. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेनही मिळतं. पाटीवर ते झोकात दिसेल. मेलसाठी मात्र इतक्यात नको. देवनागरी पत्ता टाकला की ‘वैध ईमेल भरा’ म्हणून परत पाठवणारे फॉर्म अजून भरपूर आहेत.

आता टपाल. एखादा हौशी संगणकवाला सुचवतो, मेल सर्व्हर ऑफिसातच बसवू. लिनक्स फुकट, पोस्टफिक्स फुकट, जुना संगणक पडूनच आहे. एके काळी हा सल्ला रास्त होता. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढं कैक वर्षं बहुतेक ऑफिसांना लाइन फोनचीच होती आणि जोडलेल्या वेळेचे पैसे पडायचे. म्हणून एक मशीन अधूनमधून फोन लावायचं, सगळ्यांचं टपाल एकदम ओढून घ्यायचं, लाइन सोडायचं आणि मग आतल्या आत वाटप करायचं. ‘ईमेल व इंटरनेट सर्व्हर’ तो हा. ती गरज कधीच संपली, कोटेशनमधली ओळ तेवढी राहिली.

आज घरच्या मेल सर्व्हरची खरी पंचाईत होते ती टपाल बाहेर पाठवताना. साध्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता कायमचा नसतो. बऱ्याच कंपन्या तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे टपाल जातं ते २५ क्रमांकाच्या पोर्टवरून आणि घरगुती जोडण्यांवर तो पोर्ट बहुधा बंदच असतो. स्पॅमहाउस नावाची संस्था अशा आयपींची यादी ठेवते, जिथून थेट मेल यायलाच नको असे पत्ते. जगभरचे मेल सर्व्हर ती यादी पाहून दार लावतात. स्थिर आयपी विकत घेतलात तरी त्या आकड्यावरून तुमचं नाव उलट शोधता यावं यासाठी लाइन देणाऱ्या कंपनीकडून वेगळी नोंद करून घ्यावी लागते. तिच्या कॉल सेंटरवर ‘पीटीआर रेकॉर्ड’ एवढं म्हणून पाहा. समोरचा राउटर बंद करून चालू करायला सांगेल. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं या सगळ्या अटी आणखी आवळल्या. नांदूरघाटहून निघालेली ऑर्डर लातूरच्या स्पॅम फोल्डरात पडून राहिली, तर सर्व्हर स्वतःचा असल्याचा आनंद कितीसा टिकेल?

लाइट जाण्याची भीती मात्र जरा वाढवून सांगितली जाते. आपलं मशीन बंद असलं म्हणून आलेला मेल हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा खटपट करतो आणि ही खटपट निदान चार-पाच दिवस चालू ठेवावी, असा प्रघातच आहे. म्हणजे रोहित्र जळलं तरी पत्र मिळेल. ओटीपीचं काय? त्याचं आयुष्य दहा-पंधरा मिनिटांचं. दुपारी चारला लाइट आल्यावर मिळालेला सकाळचा ओटीपी काय कामाचा?

आणि राखण. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरमधल्या भगदाडांतून जगभरातल्या हजारो संस्थांमध्ये चोर शिरले. दुरुस्ती जाहीर झाली होती, पण ती त्याच दिवशी बसवायला दिमतीला माणूस असलेली ऑफिसं किती? आपल्या सहा माणसांत असा कोणी नाही आणि ठेवायचा म्हटलं तर परवडणार नाही.

तेव्हा टपाल भाड्यानं घ्यावं. गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो मेल ही तीन नावं सहज पुढं येतात. भाडं माणशी, दरमहा किंवा वर्षाचं एकदम. माझा कल अशा ऑफिससाठी झोहोकडे झुकतो. एक तर त्यांची लहान योजना स्वस्त, आणि दुसरं, ऑफिसला वर्ड-एक्सेलच्या साजाची तितकी गरज नसते. ज्यांचं सगळं काम एक्सेलमध्ये चालतं त्यांनी मायक्रोसॉफ्ट घ्यावं, उगाच काटकसर करू नये. केंद्र सरकारनंही आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचं मेल झोहोच्या यंत्रणेवर हलवल्याच्या बातम्या २०२५ च्या ऑक्टोबरात आल्या. त्यात आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे : टपाल वाहणारा बदलला, पत्त्यात शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ होतं ते तसंच राहिलं. लोकांना पत्ता बदलल्याची पत्रं पाठवावी लागली नाहीत.

फुकट योजनांवर भिस्त ठेवू नये. गुगलनं स्वतःच्या डोमेनवरच्या मेलची फुकट सोय डिसेंबर २०१२ मध्ये नव्या ग्राहकांना बंद केली आणि २०२२ मध्ये जुन्या धंदेवाईक ग्राहकांनाही पैसे भरा म्हणून सांगितलं. तेव्हा ज्यांच्याकडे डोमेनची चावी होती त्यांनी टपाल कोणाकडे पोचवायचं हे सांगणारी एमएक्स नावाची नोंद बदलली, जुनं टपाल उतरवून घेतलं आणि दुसरा पुरवठादार धरला. ज्यांची चावी भलत्याकडे होती ते अडले.

खाती उघडताना माणसांची नावं कमी, कामांची जास्त ठेवा : हिशोब, खरेदी, गोदाम, कार्यालय. गोदामपाल बदलला की पासवर्ड बदलायचा, पत्ता तोच. डोमेनच्या सेटिंगमध्ये तीन नोंदी बसवून घेतल्याशिवाय करून देणाऱ्याला पैसे देऊ नका. एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं मेल कोणत्या सर्व्हरनी पाठवावा त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे वाटेत मजकूर बदलला नाही हे पडताळता येईल अशी सही. डीमार्क म्हणजे दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करावं याची सूचना. लातूरच्या गिरणीला तुमच्या पत्त्यावरून ‘आमचं बँक खातं बदललं आहे, आजचं पेमेंट नव्या खात्यात करा’ असा बनावट मेल गेला, तर या तीन नोंदींमुळं तो दारातच अडण्याची शक्यता वाढते. एका अक्षराचा फरक असलेल्या दुसऱ्याच डोमेनवरून आला तर मात्र त्या नोंदींचा उपयोग नाही; खातं बदलल्याचा निरोप फोन करूनच खरा मानायचा, हे गिरणीला आधीच कळवून ठेवा.

इंटरनेटच्या वाटणीसाठी वेगळा संगणक लागत नाही. पूर्वी स्क्विड नावाची प्रणाली एकदा उतरवलेली पानं साठवून पुन्हा तीच द्यायची, लाइन वाचायची. आता बहुतेक पानं कुलूपबंद येतात, त्यामुळं मधल्या मशीनला आतलं वाचता येत नाही आणि साठवताही येत नाही. एक बरा राउटर पुरे. त्यात दोन जोडण्या घेता आल्या पाहिजेत, एक फायबर आणि दुसरं मोबाइलचं सिम, म्हणजे रस्त्याच्या कामात जेसीबीनं तार तोडली तरी काटा-पावत्या थांबणार नाहीत. पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवा. माल घेऊन आलेला शेतकरी मोबाइल जोडेल, त्याला नाही म्हणू नये, पण हिशोबाचे संगणक त्याच जाळ्यात नकोत. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५-२० वॉट खातात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीवर हिशोबानं चारेक तास निघतात. वीज गेली तरी लाइन जिवंत राहते, तीही थोडक्या खर्चात.

वारणानगरला १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या ७० गावांना संगणकानं जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, केंद्राच्या एनआयसीच्या मदतीनं. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी त्यांचा वापर पाहिला, तर बहुतेक काम उसाचं वजन, बिल, खताची उचल एवढ्याच माहितीच्या देवघेवीचं निघालं. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी मोबाइल आणि एसएमएस लावून पाहिला आणि काम भागलं. याला कोणी प्रकल्पाचं अपयश म्हणेल, मी म्हणणार नाही. काम आधी मोजलं आणि मग यंत्र त्याच्या मापाचं केलं, एवढंच तिथं झालं. कोटेशन आधी आणि काम मागाहून, अशी आपली रीत असते.

मग ऑफिसात सर्व्हर मुळीच नको का? एका गोष्टीसाठी हवा : टॅली. लेखापाल आणि दोन ऑपरेटर एकाच कंपनीच्या टॅलीत एकाच वेळी नोंदी करतात, तर तो डेटा एका मशीनवर, त्याच जाळ्यात हवा. ते मशीन लेखापालाच्या टेबलावरचं नको, कारण तो जेवायला उठताना बंद करून जातो. छोटा मिनी पीसी, आत एसएसडी, शेजारी यूपीएस, एवढ्यात भागतं. जुना मोठा संगणक चोवीस तास चालवला आणि तो १०० वॉट खात असला तर महिन्याला ७२ युनिट. मिनी पीसी १५ वॉटचा धरला तर अकराच्या आत. व्यापारी दरानं बिल भरणाऱ्यानं हा फरक वर्षाचा काढून पाहावा. नव्या मशीनचे पैसे त्यातूनच निघू लागतात.

राहता राहिल्या चाव्या. डोमेनचं खातं आणि मेलचं मुख्य खातं यांची दुहेरी पडताळणी दोन वेगळ्या पदाधिकाऱ्यांच्या फोनवर लावा. आणीबाणीचे कोड छापून लखोट्यात, तिजोरीत. पदाधिकारी बदलले की हे सगळं बदलायचं, म्हणून ते इतिवृत्तात आलेलं बरं. मसुदा असा करता येईल :

‘ठराव क्र. … : कंपनीच्या ईमेल व संकेतस्थळासाठीचे डोमेन कंपनीच्याच नावे नोंदवावे. नोंदणीसाठी कोणत्याही संचालकाचा, कर्मचाऱ्याचा अथवा पुरवठादाराचा खाजगी ईमेल वापरू नये. जीएसटी, आयकर, कंपनी निबंधक व बँक यांच्याकडील नोंदणीकृत ईमेल ३० दिवसांच्या आत बदलून कंपनीच्या डोमेनवरील पत्ता द्यावा. पासवर्ड व कोड यांचा मोहोरबंद लखोटा अध्यक्ष व लेखापाल यांच्या संयुक्त ताब्यात राहील. सूचक … अनुमोदक … सर्वानुमते मंजूर.’

डोमेनला मेल जोडून तो चालतोय याची खात्री झाल्यावरच पोर्टलांवरचे पत्ते बदलायला घ्या. बऱ्याचदा जुन्या पत्त्यावरही ओटीपी जातो, म्हणजे पुण्याला गेलेल्या त्या पोराला एकदा गाठावं लागेलच. पुढच्या भागात टॅलीचा बॅकअप.