घरांतील संगीतसंग्रहाची जपणूक



उस्ताद अल्लादियाखाँ यांनीं करवीर दरबारच्या आश्रयाला राहून कोल्हापूरचें नांव संगीताच्या क्षेत्रांत सर्वत्र गाजविलें. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजानचें गाणें ध्वनिमुद्रित झालें. खाँसाहेब १९४६ सालीं निवर्तले. मधलीं चव्वेचाळीस वर्षें यंत्र उपलब्ध असूनहि त्यांचा आवाज तबकडीवर उतरला नाहीं. रसिकांस ही हळहळ अजून आहे.

आज स्थिति नेमकी उलट आहे. घरगुती मैफलींचीं ध्वनिमुद्रणें, जुन्या टेपांवरून उतरविलेलें आजोबांचें गाणें, शेंकडों ध्वनिमुद्रिका, हें सारें तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्यें मावतें. न मिळण्याची भीति गेली. मिळालेलें एका क्षणांत नाहींसें होण्याची भीति मात्र आली. मायस्पेस या अमेरिकन संकेतस्थळानें आपला साठा दुसरीकडे हलवितांना २०१५ पर्यंतचें संगीत गमावलें, हें २०१९ सालीं उघड झालें. तीं गाणीं सुमारें पांच कोटि असावींत, असा अंदाज तेव्हां प्रसिद्ध झाला होता. मोठ्यांची ही गत, मग आपल्या कपाटाची काय कथा?

हा नाश मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला अनुक्रमणिकेचा. कोणतें गाणें डिस्कवर कोठें लिहिलें आहे, हें संगणक एका यादीवरून जाणतो. लेखन चालूं असतां वीज गेली किंवा तार ओढून काढली, तर ती यादी विसकटते आणि संगणक विचारतो, ‘डिस्क फॉरमॅट करूं काय?’ येथें ‘होय’ म्हणूं नये. ग्रंथालयाची यादी फाटली म्हणून ग्रंथ जळालेले नसतात. मात्र त्या जागेवर नवें लिहिलें, कीं जुनें कायमचें गेलें.

दुसरा प्रकार यंत्राच्या मोडतोडीचा. आंतील तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारें टोंक तिच्यावर केंसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनहि कमी अंतरावर तरंगतें. धक्क्यानें तें घासलें, कीं ओरखडा पडतो. ठराविक टकटक ऐकूं येतांच वीज बंद करून डिस्क तज्ज्ञाकडे द्यावी. पुनःपुन्हा चालवून पाहाणें म्हणजे जखम वाढविणें होय. डिस्क अद्याप वाचली जात असेल, तर प्रथम तिची संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि शोधाशोध त्या प्रतिमेवर करावी.

तिसरा प्रकार मूक, म्हणून अधिक फसवा. फाईलचें नांव दिसतें, गाणें सुरू होतें, पण मध्येंच स्वर तुटतो. ही बिघडलेली फाईल आपण नकळत चांगल्या प्रतीवर उतरवितों आणि दोन्ही गमावतों. फ्लॅक पद्धतीच्या फाईलींत मूळ ध्वनीची गणिती खूण सहसा साठविलेली असते. तिच्याशीं ताडून पाहाणारी चाचणी सहा महिन्यांनीं एकदां करावी.

उपाय जुनाच आहे. तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक परगांवीं. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी कोल्हापुरांतील किती घरांत शिरलें, तें आपण जाणतांच. एकाच कपाटांतील दोन डिस्का अशा वेळीं एकत्रच भिजतात. तसेंच, सर्व यंत्रांवरील साठा आपोआप सारखा राखणाऱ्या सोयीस प्रत समजूं नये; येथें चुकून पुसलेलें गाणें तेथेंहि पुसलें जातें.

वेळ थोडा असेल तर निवड करावी. बाजारांत मिळणारी ध्वनिमुद्रिका पुन्हां मिळेल. आजोबांचा यमन मिळणार नाहीं. जें जगांत एकच आहे, त्याची प्रत आधीं करावी.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांतून अंतराळांत गेली. तीहि एका तबकडीच्या भरंवशावर धाडली नव्हती. यानें दोन होतीं आणि प्रत्येकावर स्वतंत्र तबकडी होती. आपल्या घरच्या सुरांसाठीं निदान एवढी तजवीज करणें आपल्या हातीं आहे.