चौदा दिवस कोण थांबणार?

इंजेक्शनच्या औषधात जंतू आहेत की नाहीत, हे तपासण्याची अधिकृत रीत अशी : नमुना पोषक द्रवात घालायचा, तो द्रव उबेत ठेवायचा आणि १४ दिवसांत गढूळ होतो का ते पाहायचं. तपासलेली बाटली अर्थातच रुग्णाला देता येत नाही. त्यातून हजारात एक बाटली दूषित असेल आणि आपण २० बाटल्या तपासल्या, तर दोष सापडण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के. इकडे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शिरेतून द्यायचं पोषण सकाळी मिसळलं की त्याच दिवशी सुरू करावं लागतं. कर्करोगाच्या औषधाचंही तसंच.

म्हणून शिरेतून जाणाऱ्या औषधाच्या बाबतीत सगळी भिस्त ते तयार करणाऱ्याच्या पद्धतीवर असते. तोंडावाटे गेलेल्या जंतूंच्या वाटेत जठरातलं आम्ल तरी असतं. शिरेतून गेलेले थेट रक्तात उतरतात.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. अंगठ्या, बांगड्या, नेलपॉलिश, मेकअप हे सगळं औषध मिसळण्याच्या स्वच्छ खोलीबाहेर ठेवायचं. कोपरापर्यंत हात धुवायचे, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, अंगात गाऊन आणि हातात निर्जंतुक हातमोजे. सोवळ्यातल्या स्वयंपाकाची आठवण झाली तर नवल नाही. एवढ्या बंदोबस्ताचं कारण म्हणजे स्वच्छ खोलीतली सर्वांत घाण वस्तू माणूसच असतो. त्याच्या त्वचेचे कण सतत झडत असतात आणि त्यांच्यावर बसून जंतू फिरतात.

औषध मिसळायचं ते हूडमध्ये, म्हणजे समोरून उघड्या, कपाटासारख्या टेबलावर. हूडच्या मागच्या भिंतीत हेपा फिल्टर असतो. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो आणि गाळलेली हवा एकाच दिशेने, संथपणे काम करणाऱ्याकडे वाहत राहते. या टेबलावरच्या हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण घनमीटरला ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. ही कल्पना औषधशास्त्रातून आलेली नाही. अमेरिकेत अण्वस्त्रांचे सुटे भाग बनवताना धुळीने वैतागलेल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या विलिस व्हिटफिल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती काढली. खोली पुसत बसण्यापेक्षा हवाच सतत वाहती ठेवा, म्हणजे धूळ तीच घेऊन जाईल, हा त्याचा साधा हिशेब होता.

पण हूड आहे म्हणून काम भागत नाही. सगळी हातचलाखी फिल्टर आणि सुई यांच्यामध्ये काहीही येऊ न देण्यात आहे. व्हायलच्या रबरी बुचावरून नुसता हात फिरला, तरी गाळलेली हवा बुचावर पोचण्याआधी बोटांवरून जाते. काम पुढच्या कडेपासून निदान १५ सेंटीमीटर आत करायचं, कारण कडेपाशी खोलीतली हवा मिसळते. बूच ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचं. ओलं असताना सुई टोचली तर पुसण्याचा अर्थच उरत नाही. शुद्ध अल्कोहोल अधिक जालीम असेल असं वाटतं खरं, पण जंतूंची प्रथिनं साकळायला पाणी लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल क्षणात उडून जातं. सुई तिरकी टेकवून मग उभी करत आत घालायची, नाहीतर रबराचा बारीक तुकडा कापला जाऊन औषधात पडतो. काचेचा अँप्यूल फोडला तर औषध गाळणीच्या सुईने ओढायचं आणि पिशवीत सोडण्याआधी सुई बदलायची, कारण काचेची कुसळं डोळ्यांना दिसत नाहीत.

नव्या माणसाची परीक्षाही मजेशीर असते. औषधाच्या जागी जंतूंना आवडणारं पोषक द्रव देऊन त्याच्याकडून सगळे सोपस्कार करवून घेतात आणि तयार पिशवी उबेत ठेवतात. हातमोज्यांची बोटंही पोषक थरावर टेकवून घेतात. हात चुकला असेल तर जंतू वाढून तसं सांगतात.

एका चुकीची किंमत काय असते, याचा मुंबईशी जोडलेला दाखला जुना आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतली मिळाली होती आणि ती भरली होती परळच्या प्लेग प्रयोगशाळेत. चौकशी आयोगाने ठपका ठेवला प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांच्यावर. लसीत कार्बोलिक आम्ल घालणं बंद करून ते उष्णतेवर विसंबले, हा त्यांचा गुन्हा. नंतर वेगळंच पुढे आलं. बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याने तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकमध्ये नुसता खळबळून वापरला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू परळहूनच बाटलीत असते, तर मधल्या दिवसांत लसीला दुर्गंधी सुटली असती. उघडणाऱ्याला तशी ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. परळची जागा मात्र त्यांना परत मिळाली नाही, ते कलकत्त्याला गेले. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळायला १९२५ साल उजाडावं लागलं. मातीत पडलेल्या चिमट्याने एका शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षं खाल्ली, हे मला अजूनही पचत नाही.

मुलकोवालला हात चुकला. २०१२ मध्ये अमेरिकेत फ्रेमिंगहॅमच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरमध्ये जे झालं त्याला चूक म्हणणं फारच सौम्य होईल. तिथे पाठीच्या कण्याजवळ टोचायचं स्टेरॉइड तयार होत असे. स्वच्छ खोलीत बुरशी आणि जंतू सापडल्याच्या नोंदी कंपनीच्याच दप्तरात होत्या. रात्री एसी बंद ठेवला जाई. शेजारी जुन्या गाद्यांच्या पुनर्वापराचा कारखाना होता. चाचणीचे निकाल यायच्या आतच माल रवाना होई. त्यातून गवतावर वाढणारी बुरशी माणसांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली. एकूण ७५३ जण आजारी पडले, ६४ दगावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने असं औषध घाऊक बनवणाऱ्यांना सरकारी देखरेखीखाली आणणारा कायदा केला.

आपल्याकडे औषध बहुधा वॉर्डातच मिसळलं जातं, आणि तेही सिस्टरच्या ट्रॉलीवर, डोक्यावर पंखा गरगरत असताना. सलाइनची प्लॅस्टिकची बाटली थेंब सोडेनाशी झाली की तिच्या वरच्या बाजूला एक सुई खुपसतात, हे ज्याने रुग्णाजवळ रात्र काढली आहे त्याने पाहिलेलं असतं. त्या सुईतून आत जाते ती वॉर्डातली हवा, कसल्याही गाळणीशिवाय. आपोआप मिटत जाणाऱ्या मऊ पिशवीला ही सुई लागत नाही, पण ती महाग पडते. यात सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही, तिच्या हाताशी जे असतं त्यात ती निभावते.

लहान रुग्णालयाला हूड परवडणार नाही, हे मान्य. पण औषध मिसळायला येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर एक कोपरा, तेवढ्यापुरता बंद पंखा, बूच पुसल्यावर वाळेपर्यंत धीर आणि मिसळलेलं औषध लगेच, फार तर चार तासांत सुरू करण्याचा दंडक, एवढं जमण्यासारखं आहे. आणि पुढच्या डोसची सोय म्हणून व्हायलमध्ये सुई तशीच टोचून ठेवण्याची सवय तर एक पैसाही न खर्चता सोडता येते.